फोरट्रान: सबरूटीन, कॉमन, इम्प्लिसिट, काइंड... हे शब्द कोणी मराठीत नीट समजावून सांगेल का?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. मी पुण्यात वातावरणशास्त्रात एम.एस्सी. करतेय, दुसरं वर्ष. प्रकल्पासाठी पर्जन्यमापन केंद्रांच्या रोजच्या नोंदी हाताळायच्या आहेत. सरांनी दिलेला जुना कोड फोरट्रानमध्ये आहे आणि त्यात माझी भर घालायची आहे. पायथन मला चांगलं येतं, त्यामुळे लूप काय, फंक्शन काय हे नव्याने नको. अडतंय ते या भाषेच्या स्वतःच्या शब्दांपाशी. सबरूटीन आणि फंक्शन वेगळे का? डमी आर्ग्युमेंट म्हणजे काय? कॉमन, इम्प्लिसिट, काइंड, कंटिन्यू हे कशासाठी? पुस्तकात व्याख्या आहेत, पण त्या वाचून शब्द पाठ होतो, कळत नाही.

जाता जाता: मी लिहिलेल्या सबरूटीनमध्ये पहिल्या केंद्राची बेरीज बरोबर येते, पुढच्या सगळ्या चुकतात. ते मी शोधतेय, पण हे शब्द कळले तर तेही सापडेल असं वाटतं.

फोनवरून टंकतेय म्हणून कोडचे तुकडेही देवनागरीतच देईन.

नांगर
धागा वाचतोय. एक भाबडा प्रश्न: ही भाषा अजून वापरात आहे? माझे बाबा डिप्लोमाला शिकले होते.

बर्फातला_मराठी
नांगर, अगदी जोरात वापरात आहे. जॉन बॅकस आणि त्यांच्या चमूने आयबीएम 704 साठी पहिला फोरट्रान कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, 1957 मध्ये दिला. भाषेचं सर्वात ताजं प्रमाण, म्हणजे अधिकृत नियमावली, 2023 चं आहे. मधल्या काळात तिने इतके कपडे बदलले की 66 ची आणि 2023 ची शेजारी उभी केली तर बहिणी वाटणार नाहीत. मी इथे जर्मनीत प्रवाहाची गणितं करतो, रोजचं काम यातच. आणि तू पायथनमध्ये मॅट्रिक्सची समीकरणं सोडवतोस तेव्हा खाली बहुतेक वेळा लॅपॅक या गणिती संग्रहाचीच रूटीन पळत असतात. लॅपॅक मुळात फोरट्रानमध्येच लिहिलेलं आहे.

सिद्धी_जी
पुण्याच्या माणसांसाठी तर अगदी घरचीच गोष्ट. पाषाणला आयआयटीएममध्ये, म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, 2024 साली 'अर्क' हा महासंगणक बसला. तिथे मान्सूनची जी प्रारूपं चालतात त्यांचा मोठा भाग फोरट्रानच आहे. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं प्रारूप उघडून पाहा, तेच. पाऊसवेडी, तू योग्य ठिकाणी डोकं लावतेयस. रात्री सविस्तर लिहिते.

पत्तेवाला
पोरी, शब्द कळत नाहीत याचं कारण असं की ज्या वस्तूंवरून ते पडले त्या वस्तू तू पाहिलेल्याच नाहीत. मी पाहिल्या आहेत.

मी 1976 साली मुंबईत नोकरीला लागलो, इमारतींच्या आराखड्यांचं काम. तेव्हा प्रोग्राम म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा, त्याला आम्ही डेक म्हणायचो. एका कार्डावर 80 स्तंभ, एक कार्ड म्हणजे प्रोग्रामची एक ओळ. स्तंभ 1 ते 5 लेबलसाठी, म्हणजे त्या ओळीच्या नंबरसाठी. पहिल्या स्तंभात 'सी' छापलं की ते कार्ड म्हणजे नुसता शेरा, कंपायलर तिकडे बघत नाही. सहाव्या स्तंभात शून्य सोडून काहीही खूण केली की ही ओळ आधीच्या कार्डाची पुढची. खरं विधान 7 ते 72 मध्ये. 73 ते 80 कंपायलर वाचतच नसे, तिथे आम्ही क्रमांक टाकायचो. का? तर डेक हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून.

एकदा माझा पडला. जिन्यात, पावसाळ्यात, चारशेच्या वर कार्डं. क्रमांक टाकायचा कंटाळा केला होता, पण गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ मारलेली होती. मी आणि एक शिपाईमामा पायरीवर बसून ती रेघ जुळवत जुळवत रात्री आठपर्यंत डेक लावत होतो. काही कार्डं ओली झाली ती दुसऱ्या दिवशी परत पंच केली. त्यानंतर 73 ते 80 कधी मोकळे सोडले नाहीत.

आता तुझा कंटिन्यू. हे विधान काहीच करत नाही. 'डू 10' म्हणजे 10 लेबल असलेल्या ओळीपर्यंत फिरत राहा. मग ते 10 लेबल लटकवायला एक खुंटी हवी, ती खुंटी म्हणजे कंटिन्यू. पायथनमधल्या त्याच नावाच्या शब्दाशी याचं काही नातं नाही, तिथे गफलत करू नकोस.

जुन्या कोडात 'रीड(5' आणि 'राइट(6' दिसतील. त्या आकड्याला युनिट म्हणतात. 5 म्हणजे कार्ड वाचणारं यंत्र, 6 म्हणजे लाइन प्रिंटर, असा प्रघात होता. आज 5 म्हणजे कीबोर्ड, 6 म्हणजे पडदा.

पाऊसवेडी
काका, सातव्या स्तंभाचं कळल्यावर एकदम उजेड पडला! सरांच्या कोडात सगळ्या ओळी सहा जागा सोडून का सुरू होतात, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं आवड असेल.

गजाली
रुमाल टाकून ठेवतो. पत्तेवाले काका, अजून लिहा.

कुडाळकर
मी इम्प्लिसिट घेतो, कारण पोरांच्या सगळ्यात जास्त चुका मी तिथेच पाहतो. अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो.

फोरट्रानमध्ये एखादं नाव जाहीर न करता वापरलं तर कंपायलर तक्रार करत नाही, नावाच्या पहिल्या अक्षरावरून त्याची जात ठरवतो. आय, जे, के, एल, एम, एन ही सहा अक्षरं असली तर इंटिजर, म्हणजे पूर्णांक. बाकी कुठलंही असलं तर रिअल, म्हणजे दशांशवाला. गणितात आय, जे, एन हे मोजणीला वापरतात, तिथून हे आलं. याला म्हणायचं इम्प्लिसिट टायपिंग. जुना विनोद आहे की देव रिअल आहे, कोणी त्याला इंटिजर जाहीर करेपर्यंत. कारण इंग्रजीत तो 'जी'ने सुरू होतो. मी वर्गात मराठीत सांगतो: आई, बाबा, आत्या रिअल, काका, मामा, मावशी इंटिजर. एकदा सांगितलं की वर्षभर विसरत नाहीत.

आता तुझ्या कामातलं उदाहरण बघ. पावसाला तू 'मिमी' नाव दिलंस आणि जाहीर करायला विसरलीस. 'एम'ने सुरू, म्हणून इंटिजर. 2.6 मिलिमीटर पाऊस त्यात ठेवला की शिल्लक राहतात 2. हवामान खात्याच्या व्याख्येत पावसाचा दिवस म्हणजे 2.5 किंवा जास्त. गेला तुझा पावसाचा दिवस! एकही संदेश न येता.

म्हणून प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर 'इम्प्लिसिट नन' लिहायचं. मग जाहीर न केलेलं नाव आलं की कंपायलर तिथेच अडवतो. टंकताना 'पाऊस'चं 'पाउस' झालं तरी पकडतो, नाहीतर ते गुपचूप नवं चल बनतं.

याचीच मावसबहीण: 5/9 हे फोरट्रानमध्ये 0 आहे. दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायला 5/9*(फॅ-32) लिहिलं तर अख्ख्या महाराष्ट्राचं तापमान शून्य. 5.0/9.0 लिहायचं.

शब्दवेल
मला वेगळं म्हणायचं आहे. हे शब्द अवघड वाटतात कारण ते परके आहेत. चल, अचल, घोषणा, सारणी हे शब्द आपल्याकडे आहेत ना? आणि 'कॉमन'ला तर आपल्याकडे इतका नेमका शब्द आहे: सामाईक. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सातबाऱ्यावर वाचलेला शब्द. कॉमन ब्लॉक म्हणजे स्मृतीतली सामाईक जागा, ज्या ज्या सबरूटीनने तिचं नाव घेतलं त्या सगळ्यांना तिथून पाणी भरता येतं. असं शिकवलं तर पुस्तकाची गरज पडणार नाही.

बर्फातला_मराठी
सामाईक आवडला, मनापासून. पण कंपायलर चूक दाखवणार ती इंग्रजीत. 'सारणी' शिकलेल्या मुलीला तो 'ॲरे' म्हणून ओरडेल. समजून घ्यावं मराठीत, पण शब्द मूळचाच लक्षात ठेवावा.

आणि माझं स्पष्ट मत: कॉमन नव्या माणसाने शिकूच नये. 1990 च्या प्रमाणात मॉड्यूल आलं, त्यानंतर कॉमनला जागा उरलेली नाही. 2018 च्या प्रमाणाने तर त्याला कालबाह्य ठरवलेल्यांच्या यादीतच टाकलं.

पत्तेवाला
लिहू नये हे मान्य. शिकू नये हे बिलकुल मान्य नाही. तिला सरांचा कोड वाचायचा आहे, तो कॉमननेच भरलेला असणार. विहिरीत उतरायचंच आहे तर पायऱ्या कुठे निसरड्या आहेत ते सांगा.

निसरडी पायरी ही: सामाईक जागेत वाटणी नावाने होत नाही, क्रमाने होते. एका सबरूटीनमध्ये 'कॉमन /हवा/ तापमान, दाब' आणि दुसऱ्यात 'कॉमन /हवा/ दाब, तापमान' लिहिलं, तर दुसऱ्यात दाबाच्या जागी तापमान येऊन बसतं. दोन्ही रिअल, त्यामुळे कोणी हू की चू करत नाही. असा एक दोष मी एका पुलाच्या हिशोबात तीन दिवस शोधला आहे. शेवटी दोन कागद खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरून वाचले तेव्हा दिसला.

इक्विव्हॅलन्सही भेटेल. एकाच जागेला दोन नावं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव, बाई एकच. तेव्हा स्मृती इतकी थोडी होती की जागा वाचवायला हे करावं लागे.

बर्फातला_मराठी
काका, वाचण्यासाठी शिकावं हे पटलं. माझं वाक्य मागे घेतो. खिडकीच्या काचेची युक्ती आम्ही आज दोन फाइलींची तुलना करणाऱ्या प्रोग्रामने करतो, कल्पना तीच.

सिद्धी_जी
आले. उरलेल्या शब्दांपैकी तीन माझ्याकडे.

सबरूटीन आणि फंक्शन: फंक्शन एक किंमत परत देतं आणि समीकरणात थेट बसतं, जसं साइन. सबरूटीनला 'कॉल' करून बोलवावं लागतं. ते स्वतः काही परत देत नाही, दिलेल्या आर्ग्युमेंटमध्येच उत्तरं भरून देतं. एक सरासरी हवी तर फंक्शन. सरासरी, कमाल, किमान आणि गाळलेल्या दिवसांची यादी एकदम हवी तर सबरूटीन.

डमी आर्ग्युमेंट: परीक्षेत डमी बसवल्याच्या बातम्या वाचतो ना, तोच अर्थ. सबरूटीनच्या व्याख्येत जी नावं कंसात असतात ती डमी. कॉल करताना जे देतो ते ॲक्च्युअल. मात्र एक गोष्ट पायथनवाल्यांनी घट्ट धरावी: इथे डमीच्या हातात सहसा खऱ्याची झेरॉक्स नसते, मूळ कागदच असतो. डमीवर लिहिलं की मूळ बदलतं. जुन्या काही कंपायलरमध्ये लोकांनी 4 हा आकडा आर्ग्युमेंट म्हणून दिला, सबरूटीनने त्यात 5 भरले, आणि पुढे प्रोग्रामभर 4 म्हणजे 5 झाले. म्हणून प्रत्येक डमीला इंटेंट लिहायचं: इन म्हणजे फक्त वाचणार, आउट म्हणजे भरून देणार, इनआउट म्हणजे दोन्ही. इंटेंट इन असलेल्यावर लिहायला गेलात तर कंपायलर हात धरतो.

काइंड: रिअल किती अचूक हवा ते सांगणारा क्रमांक. बरेच लोक 'रिअल(8)' लिहितात आणि त्याला 8 बाइट समजतात. बऱ्याच कंपायलरमध्ये ते खरं ठरतंही, पण प्रमाणात तसं कुठे म्हटलेलं नाही. नॅग कंपनीच्या कंपायलरमध्ये नेहमीच्या मांडणीत दुहेरी अचूकतेचा क्रमांक 2 आहे. म्हणून भाषेसोबतच येणाऱ्या 'आयएसओ_फोरट्रान_एन्व्ह' या मॉड्यूलमधून 'रिअल64' घ्यायचा. आणि आकड्यालाही काइंड असतो! दुहेरी अचूकतेच्या चलात नुसतं 0.1 भरलं तर आत 0.10000000149 असं काहीतरी जातं, कारण उजवीकडचा 0.1 आधीच एकेरी अचूकतेत कापला गेला. तिथे 0.1_रिअल64 असं लिहावं लागतं.

एक न विचारलेलं, पण तुझ्या कामाचं. पाऊस(केंद्र, दिवस) या ॲरेत स्मृतीत शेजारी शेजारी असतात ती एकाच दिवसाची वेगवेगळी केंद्रं. पहिला निर्देशांक सगळ्यात जलद बदलतो. पायथनच्या नमपायमध्ये नेहमीची मांडणी याच्या उलट असते. लग्नाची पंगत आठव: वाढप्याने एक रांग पूर्ण करून दुसरी घ्यावी. प्रत्येक रांगेत एकेकालाच वाढत मांडवभर फिरला तर भात थंड होतो. आतला लूप नेहमी पहिल्या निर्देशांकावर ठेव. मोठ्या ग्रिडवर धावण्याच्या वेळेत कितीतरी पटींचा फरक पडलेला मी स्वतः मोजला आहे.

गजाली
पंगतीचं उदाहरण वहीत उतरवून घेतलं.

नांगर
अवांतर: फोरट्रानमध्ये स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला आणि नासाचं शुक्राकडे निघालेलं यान पडलं, ते खरं का?

कुडाळकर
नांगर, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत त्यात. मरिनर 1 जुलै 1962 मध्ये उड्डाणानंतर काही मिनिटांतच नष्ट करावं लागलं. तिथे मार्गदर्शनाच्या समीकरणात एका अक्षरावरची आडवी रेघ उतरवून घेताना राहून गेली होती. तुझी स्वल्पविरामाची गोष्ट मर्क्युरी मोहिमेसाठी कक्षा मोजणाऱ्या प्रोग्रामची. 'डू 10 आय = 1, 10' म्हणजे दहा वेळा फिर. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं की 'डू 10 आय = 1.10'. जुन्या फोरट्रानमध्ये मोकळ्या जागेला किंमत नाही, म्हणून कंपायलरने 'डू10आय' नावाचं एक चल मानलं आणि त्यात 1.10 ठेवले. जाहीर करायची गरज नाहीच, 'डी'ने सुरू म्हणजे रिअल! लूप गायब. ती चूक वेळेवर सापडली, यान वगैरे पडलं नाही. आणि 'इम्प्लिसिट नन' असतं तर ती कंपायलरनेच पकडली असती.

शब्दवेल
काय सुंदर समजावलंत. माझा सारणीचा हट्ट मी सोडत नाही, पण हा धागा छापून भाचीला देणार आहे.

पाऊसवेडी
सगळ्यांचे खूप खूप आभार. दोन दिवस हाच धागा उघडा ठेवून सरांचा कोड वाचतेय. कॉमन दोन ठिकाणी वेगळ्या क्रमाने लिहिलाय का ते तपासलं. नाही, तो नीट आहे.

माझी बेरीज मात्र अजून चुकतेय. जून ते सप्टेंबर 122 दिवस. पडताळणीसाठी मी एक खोटी फाइल केली, तीन केंद्रं, रोज 1 मिलिमीटर पाऊस. प्रत्येकाचं उत्तर 122 यायला हवं. येतंय 122, 244, 366. इम्प्लिसिट नन लिहिलं आहे, इंटेंट लिहिलेत.

बर्फातला_मराठी
खोट्या फाइलची युक्ती फार चांगली केलीस. ॲरेची हद्द ओलांडतेयस का? जीफोरट्रान कंपायलरला 'एफचेक=ऑल' देऊन चालव.

पाऊसवेडी
चालवलं, काही तक्रार नाही.

सिद्धी_जी
122, 244, 366 म्हणजे आधीची बेरीज पुसलीच जात नाहीये. सबरूटीनमधल्या घोषणा टाक इथे, फक्त तेवढ्याच.

पाऊसवेडी
ताई, या:
इंटिजर :: दिवस
रिअल :: बेरीज = 0.0

पत्तेवाला
सापडलं. दुसरी ओळ.

सिद्धी_जी
काका बरोबर. हा शब्द तू विचारलाच नव्हतास: सेव्ह.

सबरूटीनमधलं साधं चल पाटीसारखं असतं. काम संपलं की त्यावरचं टिकेल याची हमी नाही. 'सेव्ह' लिहिलेलं चल वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं, पुढच्या वेळी वही उघडली की मागची बाकी तिथेच. आणि फोरट्रानमध्ये घोषणेच्याच ओळीत किंमत दिली की ते चल आपोआप सेव्ह होतं, तो शब्द न लिहिताही. 'बेरीज = 0.0' हे दर वेळी घडत नाही, वहीच्या पहिल्या पानावर एकदाच लिहिलं जातं. सीमध्ये अशीच दिसणारी ओळ दर कॉलला शून्य करते, म्हणून दुसऱ्या भाषेतून आलेली माणसं हमखास इथे पडतात. कंपायलर बोलत नाही, कारण नियमाने ते बरोबरच आहे.

घोषणा नुसती 'रिअल :: बेरीज' ठेव. घोषणा संपल्या की पहिली ओळ लिही, 'बेरीज = 0.0'.

कुडाळकर
आणि वर्गातल्या सगळ्यांना सांग. दर वर्षी दोघं-तिघं तरी यात अडकतात.

पाऊसवेडी
122.0
122.0
122.0

ताई, काका, सर, सगळेच, मी आत्ता लॅबमध्ये एकटी टाळ्या वाजवल्या. आता खरी फाइल लावते.

पाऊसवेडी
मराठवाड्यातली केंद्रं छान आली. कोकणातल्या सगळ्यांच्या पुढे पाच तारे छापलेत, आकडाच नाही. फॉरमॅट एफ5.1 आहे.

पत्तेवाला
एफ5.1 म्हणजे टिंबासकट एकूण पाच जागा. 999.9 मावतं, त्यापुढे नाही, आणि मावलं नाही की फोरट्रान अर्धवट आकडा छापण्याऐवजी तारे छापतो. कोकणातला पाऊस चार आकडी. एफ8.1 कर.

पाऊसवेडी
केलं. आले सगळे!